जोर संपला की कोणी रोखला? बल, घर्षण व गुरुत्व यांच्या अध्यापनाविषयी



मैदानावर घरंगळत सोडलेला चेंडू काही अंतर जाऊन थांबतो. तो का थांबला, असे सहावीच्या वर्गात विचारले असता बहुतेक मुले एकच उत्तर देतात : "त्याचा जोर संपला." हे उत्तर वाडीवरील दोन खोल्यांच्या शाळेत मिळते, तसेच खराडीच्या उंच इमारतींच्या सावलीत शिकणाऱ्या मुलांकडूनही मिळते. पुष्कळ वर्गांत हे उत्तर चूक ठरवून घर्षणाची व्याख्या फळ्यावर लिहून दिली जाते. मुले ती उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि मैदानावर गेली की पुन्हा "जोर संपला" असेच म्हणतात. व्याख्या वहीत राहते आणि समजूत मनात राहते. दोहोंची गाठ कधी पडत नाही.

वस्तुतः मुलांचे हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्याची परंपरा फार मोठी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचीही धारणा अशीच होती की, वस्तू चालती ठेवायची तर तिला कोणीतरी सतत ढकलीत राहिले पाहिजे. ही समजूत युरोपातील विद्वानांनी सुमारे दोन हजार वर्षे बाळगली. ती मोडण्यास गॅलिलिओसारखा प्रयोगी पुरुष जन्मास यावा लागला. त्याने उतरत्या फळीवरून गोळे सोडून गतीचा अभ्यास केला व १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपले विचार मांडले. पुढे १६८७ साली न्यूटनने त्यांस नियमांचे रूप दिले. जी गोष्ट समजण्यास मानवजातीला इतका काळ लागला, ती पस्तीस मिनिटांच्या तासात व्याख्येच्या दोन ओळींनी समजावी ही अपेक्षा शिक्षकाने धरू नये.

या पाठासाठी खराडीचा परिसर उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. खराडी हे मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरील गाव. एकेकाळी ते हवेली तालुक्यातील शेतीचे गाव होते; आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर झाले आहे. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास पुण्याहून नगरकडे जाणारा वाहता रस्ता, आणि मध्ये पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती. आजोबांनी मोट हाकली आणि नातू उद्वाहकाने वर जातो, अशी कुटुंबे या टापूत दुर्मिळ नाहीत. बल, घर्षण व गुरुत्व यांचे सर्व खेळ तेथे हाताच्या अंतरावर आहेत. जेथे इमारती नाहीत तेथील शिक्षकांसही यातील बहुतेक गोष्टी आपल्या गावी सापडतील.

प्रथम जोर संपण्याच्या प्रश्नाकडे वळू. यास लागणारे साहित्य म्हणजे हातभर लांबीची एक फळी, दोन विटा, एक काचेची गोटी व मोजपट्टी. फळीचे एक टोक विटांवर टेकवून उतार करावा. वरच्या टोकापासून गोटी सोडावी. ढकलू मात्र नये, कारण ढकलली की प्रत्येक वेळी धक्का निराळा बसतो व तुलना राहत नाही. फळीच्या पायथ्याशी पहिल्या वेळी वाळू पसरावी, दुसऱ्या वेळी गोणपाट अंथरावे, तिसऱ्या वेळी नुसती शहाबादी फरशी ठेवावी आणि मिळाल्यास चौथ्या वेळी काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत लादी ठेवावी. प्रत्येक वेळी गोटी किती लांब गेली ते मुलांनी स्वतः मोजून लिहावे. वाळूत ती वीतभरही जात नाही. फरशीवर वर्गाच्या दाराशी पोहोचते.

आता प्रश्न विचारावा : गोटी प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवरून आली, म्हणजे तिचा "जोर" प्रत्येक वेळी सारखाच होता, मग तो वाळूत लवकर का संपला? येथे वर्गात शांतता पसरते, आणि ही शांतता मोलाची आहे. शिक्षकाने घाईने उत्तर सांगून ती मोडू नये. थोड्या वेळाने कोणी तरी म्हणते, "वाळूने धरली." एवढे शब्द वर्गातून निघाले की निम्मा पाठ झाला असे समजावे. मग दुसरा प्रश्न : फरशीहून गुळगुळीत, त्याहूनही गुळगुळीत, आणि अखेरीस मुळीच न धरणारी जमीन असती तर? मुले आपल्या आपण गॅलिलिओपर्यंत येऊन पोहोचतात. गोटी थांबलीच नसती. थांबणे हे आपोआप घडत नाही. थांबण्यासही कारण लागते.

पुढील सर्व पाठांसाठी एक शिस्त येथेच लावून द्यावी. बलाचे नाव घेतले की दोन नावे सांगितली पाहिजेत : कोणी लावले आणि कोणावर लावले. "फरशीने गोटीवर", "हाताने चेंडूवर", "पृथ्वीने आंब्यावर". ज्या बलाचा लावणारा सांगता येत नाही ते बल मानू नये. या एका नियमाने कितीतरी चुकीच्या समजुती आपोआप गळून पडतात. चेंडू सरळ वर फेकला असता हातातून सुटल्यावर त्यावर कोणते बल आहे, असे विचारल्यास मुले "हाताचे बल" म्हणतात. तेव्हा विचारावे, आता चेंडूला हात लागलेला आहे काय? मूल क्षणभर विचारात पडते आणि स्वतःच म्हणते, "नाही, आता फक्त पृथ्वीच ओढते आहे." हवेचा किंचित विरोध सोडल्यास हेच उत्तर खरे आहे.

मुलांच्या "जोर" या शब्दाला मात्र वर्गाबाहेर घालवू नये. धावत्या गोटीजवळ काही तरी असते, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराला शास्त्रात संवेग म्हणतात, आणि मूल ज्यास जोर म्हणते ते त्याच्याच जवळपास असते. चूक एवढीच की मूल त्यास बल समजते आणि तो आपोआप झिजतो असे मानते. शब्दांचा हा घोटाळा मोठ्यांच्या भाषेतही आहे. जुन्या पुस्तकांत बलास "प्रेरणा" म्हणत. आज "बल" हा शब्द रूढ आहे. आणि बोलताना बल, जोर, ताकद, शक्ती, दाब हे सर्व एकमेकांच्या जागी येतात. शास्त्रात शक्ती निराळी व दाब निराळा. हे भेद एकाच दिवशी सांगण्याची आवश्यकता नाही.

घर्षणासंबंधी बोलताना त्यास शत्रू ठरविण्याची एक सवय पाठ्यपुस्तकांनी लावून ठेवली आहे. "घर्षणाचे तोटे" व "घर्षणाचे फायदे" असे दोन रकाने पाडून मुलांकडून पाठ करून घेतले जातात. याहून नीरस पद्धत शोधूनही सापडणार नाही. घरातील जुने जाते किंवा पाटा-वरवंटा पाहावा. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकते, बारीक होत नाही. तेव्हा पाथरवटाकडून त्यास टाकी लावून घेत, म्हणजे छिन्नीने त्यावर पुन्हा खडबडीत घाव पाडीत. घरातील आजीला घर्षण हा शब्द ठाऊक नसेल, परंतु ते केव्हा कमी पडले हे तिला अचूक कळत असे. त्याच घरातील बैलगाडीच्या आखाला मात्र वंगण घालीत, कारण तेथे घर्षण नको होते. चाकाचा आख जेथे फिरतो तेथे घर्षण नको. परंतु तेच चाक जमिनीस टेकते तेथे ते सरकू नये म्हणून घर्षण हवेच. एकाच चाकात दोन्ही गोष्टी आहेत हे मुलांना दाखविल्यावर फायद्या-तोट्याचे रकाने पाडण्याचे कारण उरत नाही.

बैलगाडीवरूनच एक जुना पेच वर्गात टाकावा. बैल गाडीस जितक्या बलाने ओढतो, तितक्याच बलाने गाडीही बैलास मागे ओढते, असे न्यूटनचा तिसरा नियम सांगतो. मग गाडी चालते कशी? या प्रश्नाने चांगले शिक्षकही गोंधळतात. येथे दोन नावांची शिस्त कामास येते. गाडीवर बल कोण लावतो? बैल पुढे ओढतो, आणि जमीन व आख यांचे घर्षण मागे रोखते. बैलाचे ओढणे अधिक झाले की गाडी हलते. गाडी बैलावर जे बल लावते ते गाडीच्या हिशेबात येतच नाही; ते बैलाच्या हिशेबात येते. आणि बैल पुढे कसा जातो? तो खुरांनी जमिनीस मागे रेटतो, जमीन त्यास पुढे रेटते. चिखलात खूर घसरले की हे रेटणे संपते, आणि कितीही बळकट बैल जागच्या जागी पाय मारीत राहतो. चालताना माणसालाही पुढे ढकलते ती जमीनच. जे घर्षण गोटीस थांबविते तेच माणसास चालविते.

घर्षण मोजण्यासाठी तानकाटा असल्यास उत्तम. विटेला दोरी बांधून ती फरशीवरून सावकाश ओढावी व काटा वाचावा. प्रथम वीट आडवी, मग कडेवर उभी ठेवून ओढावी. टेकणारे क्षेत्र कमी झाले म्हणून घर्षण कमी होईल असा मुलांचा अंदाज असतो, आणि खरे म्हणजे बऱ्याच शिक्षकांचाही. काटा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच दाखवितो. विटेवर दुसरी वीट ठेवली तर तो सुमारे दुप्पट होतो. फ्रान्समधील गिलोम आमोंतों याने १६९९ साली हीच गोष्ट मांडली होती. विटेखाली गोल पेन्सिली घातल्या की वाचन एकदम खाली येते. असा प्रयोग एका तासात होतो आणि तो मुलांच्या हातून झाला पाहिजे. शिक्षकाने टेबलावर करून दाखविलेला प्रयोग मागच्या रांगेला दिसतही नाही.

गुरुत्वाकडे जाताना मोटेची आठवण काढावी. खराडीच्या परिसरात मोटा आता चालत नाहीत. विजेच्या पंपांनी त्यांची जागा केव्हाच घेतली. परंतु गावातील वृद्धांस त्या आठवतात, आणि मुलांनी त्यांना विचारून विहिरीचे चित्र काढावे, हा गृहपाठ फार चांगला. विहिरीच्या काठावर चाक, त्यावरून गेलेला नाडा, पाणी ओतले जाई ते थारोळे, आणि बैल चालत ती धाव. (गाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीसही धावच म्हणतात, मुलांनी गोंधळू नये म्हणून हे आधीच सांगावे.) ही धाव सपाट नसे, विहिरीपासून दूर जाताना ती खाली उतरत असे. असे का, हा प्रश्न वर्गात विचारावा.

भरलेली मोट वर येताना बैल उतारावरून खाली जात. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या वजनाचा काही भाग नाड्यास ओढण्याच्या कामी येई. हिशेबासाठी बैलजोडीचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम धरले आणि धाव दहास एक अशी उतरती धरली, तर सुमारे ८० किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनाइतके बल पृथ्वीकडून बैलांस साहाय्यार्थ मिळे. हे साहाय्य फुकटचे नव्हते. रिकामी मोट पुन्हा विहिरीत सोडताना बैलांना तीच धाव उलट पावलांनी चढावी लागे, आणि उतरताना जे मिळाले ते चढताना परत करावे लागे. परंतु ही परतफेड मोट रिकामी असताना होई, ओझे नसताना होई. यातच त्या योजनेचे शहाणपण होते. ही धाव ज्यांनी आखली त्यांनी न्यूटनचे नाव ऐकलेले नव्हते.

खराडीच्या उंच इमारतींतील उद्वाहक, ज्यास मुले लिफ्ट म्हणतात, तो याच जातीचा आहे. पेटी वर जाते तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकास बांधलेले जड लोखंडी वजन खाली उतरते. त्यास प्रतिभार म्हणावे. सामान्यतः प्रतिभार हा रिकामी पेटी व तिच्या पूर्ण ओझ्याचा सुमारे निम्मा भाग एवढा ठेवतात. म्हणून मोटरला साऱ्या ओझ्याऐवजी केवळ फरक तेवढाच उचलावा लागतो. मोटेच्या बैलांचे वजन जे काम करी तेच येथे प्रतिभार करतो. एक भेद मात्र मोठा मनोरंजक आहे. मोटेचा नाडा चाकावरून जाताना होणारे घर्षण हे नुकसानच होते. उद्वाहकाचा पोलादी दोर खोबणीच्या चाकावरून जातो, आणि ते चाक मोटर फिरविते. दोर चाकास बांधलेला नसतो, खोबणीतील घर्षणानेच तो ओढला जातो. तेथे तेल सांडून घर्षण नाहीसे झाले तर चाक नुसते गरगर फिरेल व पेटी वर जाणार नाही. पेटी प्रमाणाबाहेर वेगाने खाली येऊ लागल्यास तिच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या रुळांना घट्ट पकडून थांबविणारी योजना असते, तीही घर्षणावरच चालते.

उद्वाहक सुरू होताना अंग जड झाल्यासारखे वाटते, हा अनुभव शहरातील मुले सांगतात. ज्या गावी उद्वाहक नाही तेथे तानकाट्यास अर्ध्या किलोचा दगड टांगून तो हातात धरावा आणि एकदम वर उचलावा. काटा क्षणभर अधिक दाखवितो. एकदम खाली नेला तर कमी दाखवितो. दगड तोच, पृथ्वी तीच; बदलला तो वेग.

वजन व वस्तुमान यांचा भेद शिकविताना बाजारास दोष देऊ नये. भाजीवाली "दोन किलो वजन" म्हणते ते व्यवहारात योग्यच आहे. भेद दाखविण्यास तागडी व तानकाटा ही दोन साधने समोर ठेवावीत. दोन्ही चंद्रावर नेली असे समजावे. एक किलोचा दगड व एक किलोचे माप तागडीत घातले तर तेथेही पारडी समतोल राहतील, कारण दोहोंवरील ओढ सारखीच कमी झालेली असेल. तानकाटा मात्र सुमारे एकषष्ठांश दाखवील. तागडीने वस्तुमान तोलले, तानकाट्याने वजन. पृथ्वीवर एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन असते, हे यानंतर सांगितले तर मुलांस ते ओझे वाटत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे अवतरण अनेक शाळांनी मुलांना दाखविले होते. ते यान हवाई छत्रीने का उतरविले नाही, हा प्रश्न तेव्हा विचारावयास हवा होता. आजही विचारता येईल. चंद्रावर हवेचा थर जवळजवळ नाही, म्हणजे छत्रीस रोखून धरणारे कोणी नाही. म्हणून इंजिनांचा झोत खाली सोडून वेग कमी करावा लागला.

जड वस्तू लवकर पडते, ही समजूत दूर करण्यास एक पुस्तक व त्याहून लहान आकाराचा कागद पुरेसा आहे. दोन्ही वेगवेगळी सोडली तर कागद मागे राहतो. कागद पुस्तकावर ठेवून पुस्तक सोडले तर दोन्ही बरोबर पडतात, कारण हवेस पुस्तकाने बाजूस सारलेले असते. पुढे वेगाचा हिशेब करावा. उंचावरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, आणि दोन सेकंदांत १९.६ मीटर. म्हणजे सहा-सात मजल्यांवरून निसटलेला खिळा किंवा विटेचा तुकडा दोन सेकंदांत खाली पोहोचतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. खराडीसारख्या ठिकाणी ज्यांचे आईवडील बांधकामावर काम करतात अशी मुले वर्गात असतात. शिरस्त्राण का घालावयाचे, हे त्यांना या हिशेबातून कळते व ती घरी जाऊन सांगतात. त्यांच्यासाठी हा पाठ परीक्षेपुरता नाही.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. नगर रस्त्याच्या कडेस खराडीपासून पुढे वाघोलीच्या बाजूस ज्या शाळा आहेत, त्यांची मुले रोज वाहत्या रस्त्यावरून ये-जा करतात. जिल्ह्यातील अशा अन्य रस्त्यांवरही हेच घडते. मोठ्या माणसांप्रमाणे मुलेही असे धरून चालतात की, चालकाने ब्रेक दाबला म्हणजे गाडी थांबली. वस्तुतः ब्रेक गाडीस थांबवीत नाही. तो चाकाचे फिरणे रोखतो, आणि गाडीस थांबविते ते रस्ता व टायर यांमधील घर्षण. ते जेवढे असेल तेवढ्यातच भागवावे लागते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १७ मीटर. मूल रस्त्यावर आलेले पाहून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने १७ मीटर पुढे आलेली असते. त्यापुढे कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास सुमारे २० मीटर लागतात. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर सुमारे ३५. एकूण ३७ आणि ५२. हे आकडे फळ्यावर लिहून उपयोग नाही. मैदानावर फक्कीने एक रेघ आखावी. तेथून १७, ३७ व ५२ मीटरवर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर एकेक मूल उभे करावे. रेघेवरील मुलाने आरंभी "आता चालकाने पाहिले" म्हणावे. ५२ मीटरवरील मूल किती दूर उभे आहे हे पाहिले की सारा वर्ग गप्प होतो. मग ताशी ३० किलोमीटरचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. वेग निम्मा झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे होत नाही, चौथाई होते. कोरड्या रस्त्यावर ते अवघे पाच मीटर येते. येथील सर्व आकडे चांगल्या टायरच्या मोटारीचे आहेत. खडी भरलेल्या डंपरला याहून अधिक अंतर लागते, हे सांगण्यास विसरू नये.

उतारावर तर गुरुत्वच वाहनास पुढे ओढीत असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातील नवले पुलाजवळ लांब उतारावरून आलेल्या अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडका दिल्या. कात्रजच्या बोगद्याकडून येणारा तो उतार अशा अपघातांसाठी ओळखला जातो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले तर घर्षणाने ते तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. म्हणून उतार उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून इंजिनाकडूनही तिला रोखवावयाचे असते. इंधन वाचविण्यासाठी गियर सोडून गाडी मोकळी सोडणे म्हणजे सारा भार एकट्या ब्रेकवर टाकणे होय. मुले उद्या गाड्या चालविणार आहेत, आणि काहींचे वडील आजच चालवितात.

रेल्वेने ही अडचण फार पूर्वी ओळखली. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ सदतीसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पोलादी चाक व पोलादी रूळ यांत घर्षण थोडेच; सपाटीवर तो गुण, घाटात तोच दोष. म्हणून कर्जतहून वर येताना गाडीस मागून ढकलणारी अधिक इंजिने जोडतात, आणि रूळ निसरडे झाले तर चाकांपुढे वाळू टाकण्याची सोय इंजिनात असते. खाली येणारी गाडी आवरेनाशी झाली तर ती चढावर जाणाऱ्या आडमार्गावर वळविण्याची योजना घाटात केलेली आहे. तेथे ज्या गुरुत्वाने गाडीस पळविले तेच तिला थांबविते. सहलीस मुंबईकडे जाणाऱ्या शाळांनी घाटात मुलांना खिडकीतून हे दाखवावे. एरवी तो वेळ गाण्याच्या भेंड्यांत जातो, त्यातील दहा मिनिटे यास द्यावीत.

ब्रेक दाबताच बसमधील उभे प्रवासी पुढे पडतात, याबद्दल मुले "बसने पुढे ढकलले" असे लिहितात. येथेही विचारावे : पुढे ढकलणारा कोण? कोणी नाही. पायांस बसच्या तळाने घर्षणाने थांबविले, वरचे शरीर पूर्वीच्याच वेगाने जात राहिले. यास जडत्व म्हणावे. कॅरमच्या सोंगट्यांची उतरंड रचून तळाची सोंगटी स्ट्रायकरने उडविली असता बाकीच्या जागच्या जागी खाली बसतात. जडत्वाचे हे दुसरे अंग मुले मधल्या सुट्टीत रोजच पाहतात.

प्रश्नपत्रिकेसंबंधी एक सूचना. "घर्षण म्हणजे काय?" हा प्रश्न पाठांतर तपासतो, समज तपासीत नाही. त्याऐवजी असे विचारावे : "टेबलावर पुस्तक स्थिर आहे. त्यावर कोणकोणती बले आहेत? प्रत्येक बल कोणी लावले?" किंवा "पहिल्या पावसाच्या वेळी रस्ता विशेष निसरडा का होतो?" मूल आपल्या शब्दांत लिहील, शुद्धलेखन चुकेल, "जोर" हा शब्दही येईल, परंतु दोन नावे बरोबर आली असतील तर पूर्ण गुण द्यावेत.

तानकाटा शाळेत नसल्यास केंद्रशाळेतून मागवावा. तोही न मिळाल्यास जाड रबराचा पट्टा खिळ्यास अडकवून त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवावी व ज्ञात वजने टांगून खुणा कराव्यात; प्राथमिक कामास तेवढे पुरते. रबर उन्हाने सैल पडते, म्हणून खुणा दर महिन्यास तपासाव्यात. रस्त्याचा पाठ जूनमध्ये, शाळा सुरू होताच घ्यावा. नेमलेल्या क्रमात तो पुढे असला तरी हरकत नाही, कारण पाऊस पाठ्यक्रमाची वाट पाहत नाही. ओल्या व कोरड्या फरशीवर वीट ओढून पाहण्याचा प्रयोग त्याच आठवड्यात करावा आणि दोन्ही वाचने वर्गाच्या दाराशी, रस्त्याकडे जाताना दिसतील अशी, लिहून ठेवावीत.